काम थांबलं, हप्ते थांबेनात: सोलापुरातल्या अडचणीतल्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यात एकच पाळी चालू आहे, पगार निम्म्यावर आला. हप्ते पाच ठिकाणी. आधी कुणाचे द्यायचे?

बहुतेक घरं जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात. चूक इथूनच सुरू होते. दारात येऊन आवाज चढवणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कायद्याचं काहीच नसतं, आणि ज्याच्या हातात घराचा कागद आहे तो महिनोन्‌महिने नुसती पत्रं पाठवतो. म्हणून कोण ओरडतंय ते बाजूला ठेवा आणि न दिल्यास नेमकं काय जाईल ते बघा.

वहीचं एक पान घ्या. समजा, घरात महिन्याला १६,००० येत होते, आता एका पाळीचे आणि आईच्या विड्यांचे मिळून ७,५०० येतात. किराणा ४,०००, घरभाडं २,५००, वीज ६००, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ७००. झाले ७,८००. म्हणजे एकही हप्ता न देता ३०० कमी पडतात. त्याखाली देणी लिहा: बायकांच्या कर्ज-गटाचे (मायक्रोफायनान्सचे) दोन हप्ते ३,२००, गाडीचा २,४००, पतसंस्था १,८००, सावकाराचं व्याज १,०००. एकूण ८,४००. हे पान समोर असलं की 'कसंतरी भागवू' म्हणता येत नाही. भागतच नाही, तेव्हा कुणाला किती थांबवायचं हे आपणच ठरवायचं.

पहिला नंबर पोट, औषध आणि वीज. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन महिने बंद करून वाचवलेले १,४०० रुपये पुढे दवाखान्यात कितीतरी पटीने जातात. दुसरा नंबर राहतं घर आणि कमाईचं साधन. गाडीवरून एमआयडीसीत कामाला जात असाल तर तिचा हप्ता वर घ्या. नुसती दारात उभी असेल तर वेळेत विकून कर्ज मिटवा, कारण ओढून नेलेल्या गाडीला लिलावात भाव येत नाही आणि उरलेली बाकी तुमच्याच नावावर राहते. तिसरा नंबर जिथे नात्यातला जामीनदार अडकलाय तिथला. बिनतारण कर्जं त्यानंतर. बेकायदा सावकार सगळ्यात शेवटी, तो कितीही मोठ्याने बोलत असला तरी.

एक हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज उचलू नका. वरच्या पानात त्याने फक्त एक ओळ वाढते.

मालकाने तोंडी सांगितलं, 'उद्यापासून येऊ नका.' काय मागता येतं?

राहिलेला पगार, त्या वर्षाचा बोनस (किमान ८.३३ टक्के), सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, आणि कामावरून कमी केलं असेल तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. ग्रॅच्युइटीचा हिशेब घरी करता येतो: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. पगार १३,००० आणि नोकरी ९ वर्षं असेल तर ५०० × १५ × ९, म्हणजे ६७,५०० रुपये. 'तुझी उचल बाकी आहे, त्यात वळती केली' हे उत्तर इथे चालत नाही. ग्रॅच्युइटी कायद्यात ठरलेल्या कारणांसाठीच रोखता येते आणि उचल हे त्यातलं कारण नाही.

अडतं ते पुराव्यावर. यंत्रमागाच्या कामात नेमणूकपत्र क्वचितच मिळतं. त्यात एकाच छताखालचे माग चार नावांवर दाखवलेले असतात: दहा माग मालकाचे, दहा बायकोचे, दहा भावाचे. त्यामुळे कागदावर प्रत्येक ठिकाणी दहाच्या आत कामगार, आणि मालक 'कायदा आम्हाला लागूच नाही' म्हणायला मोकळा. अशा वेळी हजेरी कार्ड, पगाराची पाकिटं, खात्यावर किंवा फोन-पेवर आलेले पैसे, जॉबरचे (मागांवर देखरेख करणाऱ्याचे) व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, सगळं एका पिशवीत जमा करा. एकच मीटर, एकच जॉबर आणि एकच हजेरी वही असेल तर तेही अर्जात लिहा. अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच.

सगळ्यात महाग पडते ती एक सही. हिशेब देताना 'स्वखुशीने काम सोडत आहे' अशा कागदावर अंगठा घेतला जातो आणि तिथेच नुकसानभरपाईचा हक्क जातो. सही करावीच लागली तर वर स्वतःच्या हाताने लिहा: 'फक्त अमुक तारखेपर्यंतचा पगार मिळाला, बाकी हक्क राखून.'

पीएफ काढायला गेलो, क्लेम दोनदा परत आला. का?

कारणं ठरलेली. पहिलं, नाव. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, कारखान्याच्या रेकॉर्डला दुसरं आणि पासबुकावर तिसरं असतं. विडी कामगार बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव. दुसरं, जन्मतारीख. तिसरं, नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरलेली नसते. ही तारीख शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः पीएफच्या यूएएन (खाते क्रमांकाच्या) पोर्टलवर टाकता येते. त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. आधी दुरुस्ती, मग क्लेम. उलटं केलं की पुन्हा नकार येतो. आणि एक ध्यानात ठेवा, पीएफच्या रकमेवर सावकार काय, कोर्टसुद्धा जप्ती आणू शकत नाही. ती काढून सावकाराला देणं म्हणजे कुलपातला पैसा स्वतःच्या हाताने बाहेर काढून देणं.

गटाच्या कर्जाची वसुली करणारी माणसं रात्री आठपर्यंत दारात बसतात. असं चालतं का?

नाही. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मवित्ताचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज त्यात येतं, मग ते बँकेचं असो की कंपनीचं. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी, म्हणजे सेंटरवर व्हायला हवी. तिथे लागोपाठ दोन वेळा कर्जदार आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी येता येतं. सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजारणींना त्रास, नावाचा बोभाटा, सगळ्याला मनाई आहे. 'पैसे येईपर्यंत कुणी उठायचं नाही' म्हणून बायकांना सेंटरवर अडवून ठेवणं हे तर सरळ पोलिसात सांगण्यासारखं.

याच नियमांत आणखी एक ओळ आहे, ती फार कमी जणांना माहीत असते: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हे कर्ज देणाऱ्याने आधी तपासायचं. १६,००० उत्पन्नाच्या घरात ८,००० च्या वर हप्ते गेले असतील आणि तरी चौथ्या कंपनीने कर्ज दिलं असेल, तर तिने घरचं उत्पन्न किती लिहिलंय ते कर्ज कार्डावर आणि अर्जावर बघा. फुगवून लिहिलेलं सापडतं. कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. तेलुगू किंवा कन्नड वाचणाऱ्या बाईने ते त्या भाषेत मागायला लाजू नये.

करायचं काय? हप्ता चुकण्याआधी शाखेला लेखी अर्ज द्या: काम कधी कमी झालं, आता उत्पन्न किती, दर आठवड्याला किती देता येईल. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा. जे द्याल त्याची पावती घ्या. कार्डावर सही न घेता हातात दिलेले पैसे दिल्याचं पुढे कुणी कबूल करत नाही. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा नंबर १४४४८, तक्रारीला पैसे पडत नाहीत.

गटातल्या बाकीच्या बायकांशी मात्र स्वतः बोला. एकमेकींची हमी असते, तुमचा खाडा त्यांच्यावर येतो. कंपनीशी भांडताना शेजार तुटू देऊ नये.

सावकार शेकडा दहा घेतो. त्याच्याकडे कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्प आहे.

शेकडा दहा महिन्याला, म्हणजे वर्षाला १२० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारासाठी ठरवून दिलेले दर असे आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. चक्रवाढ लावता येत नाही. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तक्रार तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. ते झडती घेऊन कोरे चेक, स्टॅम्प, खरेदीखतं ताब्यात घेऊ शकतात. अर्जात कधी किती घेतले, कधी किती दिले, कुणासमोर, हे तारखेनिशी लिहा. रोख दिलेल्या व्याजाला पावती नसते. म्हणून पुढचं काहीही देणं झालं तर खात्यावरूनच द्या. सावकार 'रोखच पाहिजे' म्हणाला तर त्याचा तो मेसेज किंवा फोनही पुराव्यातच मोडतो.

जमिनीचं 'विश्वासाचं खरेदीखत' (पैसे फिटले की जमीन परत, अशा तोंडी बोलीवर केलेलं) करून दिलं असेल तरी वाट संपलेली नाही. सावकारीपोटी लिहून घेतलेली स्थावर मिळकत, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, चौकशी करून परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक काढू शकतात. बार्शी, माढा, मोहोळ कुठलाही तालुका असो, सातबाऱ्यावर खरेदीची नोंद झाली आणि ताबा मात्र तुमचाच राहिला असेल, तर ताब्याचा पुरावा (पीक पाहणी, वीज बिल, उसाची नोंद) सोन्यासारखा जपा.

चेकची धास्ती खरी आहे, पण तिलाही टप्पे आहेत. चेक परत गेला की ३० दिवसांत नोटीस यायला हवी, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला मिळतात, त्यानंतर महिनाभरात कोर्टात तक्रार. त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर दिलं नाही की प्रकरण निम्मं हरलं असं समजा. नोटीस 'घेतलीच नाही' म्हणून ती टळत नाही.

मोबाइल अ‍ॅपवरून पाच हजार घेतले. आता फोटो बदलून सगळ्या नातेवाइकांना पाठवू म्हणतात.

एक रुपयाही 'मुदतवाढ' म्हणून देऊ नका. ती देणाऱ्याला पुन्हा फोन येतो. मेसेज, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच अ‍ॅप काढून टाका, कारण आधी काढलं तर पुरावा जातो. मग सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन. सोलापुरातल्या मार्शल लॉचं साल असल्यामुळे सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही नोंद करा. नियमात बसणारं अ‍ॅप तुमची फोनबुक आणि गॅलरी उघडूच शकत नाही आणि पैसे थेट बँक किंवा वित्त कंपनीच्या खात्यातूनच येतात. नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगा. धमकीचा सगळा जोर न सांगण्यावर असतो.

बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. घर जाणार का?

लगेच नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत) धरलं जातं, मग सरफेसी कायद्याखाली ही नोटीस. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायला हवं. ६० दिवसांनंतर ताब्याची कारवाई, आणि त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. सोलापूरसाठी ते पुण्यात आहे. विक्रीसाठी वेगळी ३० दिवसांची नोटीस. लिलावाची जाहिरात निघण्याआधी खर्चासह पूर्ण येणं भरलं तर विक्री थांबते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

खरं तर या काळाचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे मुदत वाढवून घेणं किंवा आपणच योग्य गिऱ्हाईक शोधून विकणं. बहुतेक लोक ६० पैकी ५० दिवस 'कुणाची ओळख आहे का' यात घालवतात.

पतसंस्थेचा मार्ग वेगळा: सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांपुढे सुनावणी आणि मग वसुली दाखला. सुनावणीची तारीख चुकवू नका. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जाताना वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. जामीनदारालाही हेच लागू. कर्जदाराकडे आधी जा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही.

जप्तीत घरातलं काय नेता येत नाही?

दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं वगळलेली आहेत. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता येत नाही असा दागिनाही; म्हणजे मंगळसूत्र. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही कर्जवसुलीत सुटतात. कोर्टाचा हुकूम न दाखवता फ्रिज उचलायला आलेला माणूस जप्तीला आलेला नसतो. ११२ ला फोन करा.

सोसायटीचं पीककर्ज आहे. पुढारी सांगतात, कर्जमाफी होणार. थांबू का?

आजवरच्या माफीतली तारीख नेहमी मागची राहिली आहे. २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ ला थकलेलं कर्ज दीड लाखांपर्यंत, २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं दोन लाखांपर्यंत. घोषणा ऐकून त्यानंतर थकवणारा त्या यादीत बसत नाही. आणि माफी पीककर्जाची; गटाचं, गाडीचं, सोन्याचं कर्ज त्यात नव्हतं. नियमित फेडणाऱ्यांनाही २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम होती. २०२० च्या लॉकडाउनमधली मार्च ते ऑगस्टची सवलतही माफी नव्हती. हप्ता थांबला, व्याज चालू राहिलं, आणि ते न कळल्यामुळे अनेकांची मुदत वाढली.

उसाचं बिल कारखान्याने दिलं नाही. तोवर सोसायटी व्याज लावते.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. वजनपावत्या जोडून साखर आयुक्तालयाकडे अर्ज करा; आयुक्तांनी थकबाकीची वसुली काढली की जिल्हाधिकारी जमीन महसुलासारखी वसुली करतात. व्याज लेखी मागावं लागतं. आपण होऊन ते फारसं कुणी देत नाही, आणि पुढच्या हंगामात ऊस तोडीला नंबर लागणार नाही या भीतीने शेतकरीही मागत नाही.

आमचा लहान टॉवेलचा कारखाना. व्यापारी चार-चार महिने पैसे देत नाही, त्यात अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा निर्यातीच्या टेरी टॉवेलवर जगणाऱ्यांचा हिशेबच बदलला. ते आपल्या हातात नाही, उधारी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, उशिरावर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद) माल देण्याआधीची हवी. व्यापाऱ्याने माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, म्हणून पोच सही-शिक्क्याची ठेवा.

ठेव ठेवलेली बँकच बुडाली तर?

एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासह, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे. सोलापुरात २०२२ मध्ये लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा तिथल्या ठेवीदारांनाही हीच मर्यादा होती. पतसंस्थेला हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवणं आम्हाला कधीच पटलेलं नाही. भिशीबद्दल तर बोलायलाच नको.

घरातला कमावता माणूस गेला. कागदपत्रांत काय शोधायचं?

पासबुक घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने तपासा. ४३६ रुपये गेलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा, २ लाख. २० रुपये गेलेले दिसले तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. घरच्यांना अनेकदा ठाऊकच नसतं, कारण बँकेत खातं उघडताना सही झालेली असते. दावा त्याच शाखेत, शक्य तितक्या लवकर.

पीएफ चालू असेल तर तीन वेगळ्या गोष्टी मिळतात: साठलेली रक्कम, विधवा आणि मुलांचं पेन्शन, आणि कामावर असताना मृत्यू झाला असेल तर ठेव-संलग्न विमा, जास्तीत जास्त ७ लाख. पहिलीच घेऊन लोक घरी जातात. ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही.

गटाच्या आणि गाडीच्या कर्जावर विमा होता का ते विचारा. कर्ज देतानाच हप्ता कापलेला असतो आणि असेल तर बाकी त्यातून मिटते. बिनतारण कर्ज वारसांच्या कमाईवर चढत नाही. मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच ते वसूल होतं. म्हणून दहाव्याच्या आत कुणीही आणलेल्या नव्या कागदावर 'सहकर्जदार' म्हणून सही करू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच घ्या.

दवाखान्याच्या बिलामुळे कर्ज होणार असं दिसतंय.

दाखल होतानाच आरोग्यमित्राला (दवाखान्यातला सरकारी योजनेचा माणूस) गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार लागतं. पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवणं फार अवघड. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. यातलं काहीच जमेना तर सिव्हिल आहेच.

वकील परवडत नाही.

जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कामगार आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. नोटीस, कर्ज कार्ड आणि वहीतलं ते पान सोबत न्या.

घरातला माणूस बोलेनासा झालाय. 'मी गेलो तर विम्याचे पैसे तरी येतील' असं म्हणाला.

हे वाक्य सहज बोललेलं समजू नका. त्याला सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने विचार बळावत नाही, बोलायला वाट मिळते. त्या रात्री एकटं सोडू नका. कीटकनाशक, दोर, जास्तीच्या गोळ्या घरातून हलवा. टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही. सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे. वसुलीचे फोन काही दिवस दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत, आणि हिशेबाचं पानही त्याच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या माणसाने हातात घ्यावं.